कोठी कोटींची, खर्च महिन्याचा

पंचकुला

चि. बाळ्यास,

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, एवढं कोट्यवधींचं घर असताना तुझी आई आयांच्या पगारावरून कुरकुर का करते. ती कुरकुर नाही रे, हिशेब आहे. माझ्या ह्या ताईच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असतं. पूर्वी त्यात दुधाचे खाडे मांडलेले असत. आता भाऊजींसाठी ठेवलेल्या दिवसपाळीच्या आणि रात्रपाळीच्या आयांचे खाडे असतात, डायपरचं नवं पाकीट कधी फोडलं ती तारीख असते, आणि महिन्याच्या शेवटच्या चौकटीत बेरीज. दोन आयांचे चाळीस हजार. फिजिओथेरपिस्ट, कॅथेटर बदलायला येणारा ब्रदर, औषधं आणि डायपर मिळून आणखी वीस. झाले साठ. भाऊजींच्या पेन्शनीत घर चालतं, हे साठ चालत नाहीत.

चंडीगडच्या जुन्या सेक्टरांत अशी घरं गल्लोगल्ली आहेत. सीएसआयओ, पीजीआय, डीआरडीओची प्रयोगशाळा, चंडीमंदिरची छावणी, अशा ठिकाणी नोकरीला आलेल्या माणसांनी पगारातून पैसे साठवून प्लॉट घेतले. भाऊजींनीही तेच केलं. सेक्टर २१ मध्ये दहा मरले, म्हणजे अडीचशे चौरस वार. तेव्हा ती जागा निवाऱ्यापुरती होती. शहर तिच्याभोवती वाढलं आणि भाऊजी झोपेत श्रीमंत झाले. पण कोठीची, म्हणजे इथल्या बंगल्याची, वीट काढून आयाच्या हातावर ठेवता येत नाही. विमाही इथे कामाचा नाही. सत्तरीवरच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कार्ड मिळतं, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी कूस बदलायला येणाऱ्या बाईचा पगार त्यात बसत नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट करू, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. ती कोठी ताई-भाऊजींनी कमावली आहे आणि त्यांच्या म्हातारपणी ती खर्च झाली तर ती वाया गेली असं मुळीच नाही. तुला आणि टोरांटोच्या तुझ्या बहिणीला काय उरेल, हा नंतरचा प्रश्न. तुझ्या ह्या मामाने नोकरीच्या काळात बँकेच्या काउंटरपलीकडून बरीच घरं पाहिली. मुलं वारसा जपण्याच्या नादात आईबापांना काटकसर करायला लावतात, आणि त्याला 'घर सांभाळणं' म्हणतात.

आता तुझी वरचा मजला विकण्याची कल्पना. तुमच्या पुण्यात ती सहज सुचते, इथे ती कायद्याला अडते. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. गवई आणि न्या. नागरत्ना यांनी निकाल दिला, की चंडीगडच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे सेक्टर १ ते ३० मध्ये, एका कुटुंबासाठीच्या घराचे मजलावार फ्लॅट करता येणार नाहीत. वास्तुकार कार्बुझिएने आखलेल्या शहराचा वारसा टिकावा हे कारण. त्याआधी इथे युक्ती चालायची. तिघांनी मिळून कोठीचे हिस्से घ्यायचे आणि आपसांत करार करून एकेक मजला वाटून घ्यायचा. निकालानंतर प्रशासनाने कुटुंबाबाहेरच्या माणसाला हिस्सा विकण्याच्या नोंदणीवरही बंधन आणलं. सेक्टर २१ बरोबर त्या हद्दीत येतो. तेव्हा कोणी दलाल 'हिस्सा काढून देतो' म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठव.

विकता येत नाही, पण भाड्याने देता येतं. वरचा मजला तुझी बहीण टोरांटोला गेल्यापासून बंद आहे. महिन्याला समज तीस हजार आले, तर भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीपोटी तीस टक्के वजावट मिळून उरलेल्यावर कर बसतो. भाडेकरूची नोंद पोलिसांत करायची, आयांचीही करायची. एजन्सीने 'व्हेरिफिकेशन झालंय' म्हटलं तरी कागद मागून घे.

मग मुदत ठेवी. ताईच्या पाच बँकांतल्या पावत्या एका रुमालात बांधलेल्या आहेत. त्यांची बेरीज तीस लाखांच्या आसपास जाते आणि प्रत्येकीचं व्याज मुदतीअखेर मिळणारं आहे, म्हणजे पैसा असून महिन्याला हाती काही नाही. तो ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत हलवा; तिची मर्यादा २०२३ च्या अर्थसंकल्पात १५ लाखांवरून ३० लाख झाली. ८.२ टक्के दराने तीस लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात, महिन्याला साडेवीस हजार. तेही करपात्र, पण ताईचं इतर उत्पन्न थोडं आहे. पावत्या मुदतीआधी मोडताना किती दंड जातो ते प्रत्येक बँकेत विचार. जिची मुदत जवळ आलीय ती आधी. आणि भाऊजींना ऐंशी पुरी झाली. केंद्राच्या नियमाने त्या महिन्यापासून मूळ पेन्शन वीस टक्क्यांनी वाढते, पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस. ती वाढ लागली आहे का, हे पासबुकात कोणीच पाहिलेलं नाही. भाडं, व्याज आणि ही वाढ मिळून साठाची बेरीज जुळते, कोठीला हात न लावता.

हे पुरेनासं झालं तर रिव्हर्स मॉर्गेज, म्हणजे घर तारण ठेवून बँकेकडून दरमहा पैसे घेणं. २००७-०८ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी त्याची घोषणा केली, राष्ट्रीय आवास बँकेने नियम आखले. पंजाब नॅशनल बँकेने तर आपल्या योजनेचं नाव 'बागबान' ठेवलं; सिनेमा पाहून रडलेल्या पिढीसाठी नाव उत्तम, पण गिऱ्हाईक फारसं फिरकलं नाही. का, ते आकड्यात बघ. बँकेने व्याजासकट एक कोटीचं कर्ज मंजूर केलं, पंधरा वर्षं, दर समज दहा टक्के. हाती महिन्याला साधारण चोवीस हजार येतात. पंधरा वर्षांत मिळून त्रेचाळीस लाख; उरलेले छप्पन-सत्तावन्न लाख व्याज. ही रक्कम उत्पन्न धरली जात नाही, म्हणून कर नाही. मुदत संपली तरी दोघांपैकी शेवटचा माणूस असेपर्यंत घराबाहेर कोणी काढत नाही, आणि वारसांना कर्ज फेडून घर ठेवून घेण्याचा पहिला हक्क असतो. वाईट सौदा नाही. पण महाग आहे, आणि त्यात दोन खाचखळगे आहेत. घराचा भाग भाड्याने दिला, तर आवास बँकेच्या नियमांप्रमाणे बँक कर्ज परत मागू शकते. म्हणजे वरच्या मजल्याचं भाडं आणि हे कर्ज एकत्र नांदत नाहीत. दुसरं, दोघं सलग वर्षभर तुझ्याकडे पुण्याला राहिले, तरीही तेच. शिवाय जागा अजून लीजहोल्ड असेल, तर सेक्टर १७ च्या इस्टेट ऑफिसात जाऊन आधी फ्रीहोल्ड करून घ्यावी लागेल. ते काम लगेच सुरू कर, पुढे काहीही ठरलं तरी लागणारच आहे.

सगळ्यात घाई आहे ती सहीची. भाऊजी अजून सही करतात, वेडीवाकडी का होईना. तू म्हणालास, कुलमुखत्यारपत्र करून ठेवू, मग काळजी नाही. काळजी आहे. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की ते पत्र संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केलं, नेमकं त्याच दिवशी ते निकामी होतं. त्यानंतर पालक नेमून घ्यायला सेक्टर १ मधल्या उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. नुसता हात चालत नसेल आणि डोकं ठिकाणावर असेल, तर मात्र अडत नाही. रिझर्व्ह बँकेने हाताच्या किंवा पायाच्याही अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर चालेल असं सांगून ठेवलंय. त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार माणूस हवा. शाखेतला पोरगा 'सहीच लागेल' म्हणाला, तर वाद न घालता मॅनेजरकडे जा. खाती 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' अशी करून घे. कपाटातली कागदी शेअर सर्टिफिकेटंही काढ. १ एप्रिल २०१९ पासून ती तशीच हस्तांतरित होत नाहीत, डीमॅट करावी लागतात, आणि १९९० ची सही आजच्या सहीशी जुळत नाही म्हणून कंपनी कागद परत पाठवते. सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर तो आणि शेअर सरकारी निधीत गेलेले असू शकतात.

'आत्ताच घर मुलांच्या नावावर करून टाकू' असं भाऊजी अधूनमधून म्हणतात. तू हो म्हणू नकोस. 'नटसम्राट' बघून आपण सगळे रडलो, पण बक्षीसपत्रात सांभाळाची अट लिहून घेणारे थोडे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ती अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. अट पत्रात दिसली पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं; जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावा, असंही म्हटलं. तुमच्यावर अविश्वास आहे म्हणून हे नाही. घर नावावरून गेलं की भाडं जातं, रिव्हर्स मॉर्गेज जातं, विकण्याचा पर्यायही जातो. मृत्युपत्र करा, ते पुरे.

तू महिन्याला जे वीस हजार पाठवतोस ते बहिणीशी बोलून कागदावर मांडून ठेव. ती मदत आहे की पुढे घर विकल्यावर वळती करायची रक्कम, हे आज ठरलं तर कडवटपणा येत नाही. ती परदेशात आहे, येऊ शकत नाही, म्हणून तिला बोलायचा हक्क कमी होत नाही.

राहिला शेवटचा पर्याय, कोठी पुरती विकण्याचा. करात कंबर मोडते अशी समजूत आहे. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. त्याआधी घेतलेल्या घराला महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा मार्गही खुला आहे, आणि जुन्या मालमत्तेला १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. दुसरं घर घेतलं तर तेवढ्या नफ्याला सूट. म्हणजे उरलेल्या पैशाच्या व्याजावर आयाच काय, रात्रीची नर्ससुद्धा परवडेल. तुला वाटतं आई ह्या घराबाहेर पडायला तयार होणार नाही. तू तिला विचारलंच नाहीस. ती गेल्या संक्रांतीला मामीला म्हणाली, जिन्याचं, अंगणाचं, गळक्या गच्चीचं ओझं उतरलं तर बरं. दक्षिणेकडच्या सेक्टरांत हाउसिंग बोर्डाचा तळमजल्याचा फ्लॅट मिळाला तर हवाय. तुम्हा दोघांना वाईट वाटेल म्हणून बोलली नाही.

दिवाळीला आलास की एक दिवस तिच्याबरोबर तसे फ्लॅट बघायला जा. आधीच्या मालकाने वाढवलेल्या बांधकामावर बोर्डाची नोटीस आहे का ते विचार, आणि टेप घेऊन जा. बाथरूमचा दरवाजा व्हीलचेअर जाईल एवढा रुंद हवा, नाहीतर घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात भिंत फोडावी लागेल.

तुझा,
मामा