मोठ्या डोळ्यांची चित्रं आणि आपली मुलं

पालकहो,

मुलांच्या गणिताच्या वहीची शेवटची पानं तुम्ही अलीकडे चाळली असतील, तर टोकदार केसांची आणि टपोऱ्या डोळ्यांची मंडळी तुम्हाला तिथे नक्की भेटली असतील. गोकू, नारुतो, लुफी, नाहीतर तांजिरो. माझ्या चित्रकलेच्या वर्गात येणाऱ्या सहावी-सातवीच्या बऱ्याच मुलांना सध्या हेच काढायचं असतं. त्यांना सोडायला आलेले आईबाबा मग मला बाजूला घेऊन विचारतात, "मॅडम, हे कार्टूनचं खूळ कधी जाणार? खरं ड्रॉइंग कधी शिकणार?"

आज याच प्रश्नावर तुमच्याशी मोकळेपणानं बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हे खूळ नाही. तुमचं मूल स्वतःहून पेन्सिल हातात घेतंय. कुणी न बसवता तासभर एका जागी बसतंय. मनासारखं झालं नाही म्हणून खोडून पुन्हा काढतंय. चित्रकलेला जी बैठक लागते, ती आपसूक तयार होते आहे. यातून ते पुढे जाईल की याच टप्प्यावर अडकून राहील, हे मात्र बऱ्याच अंशी घरात त्याच्या कानावर काय पडतं यावर ठरतं.

आधी या मोठ्या डोळ्यांविषयी थोडं सांगते, कारण 'खरं ड्रॉइंग' आणि 'कार्टून' यांच्यामध्ये आपण जी भिंत उभी करतो ती तिथेच पडते. जपानी कॉमिक्सला आणि ॲनिमेला, म्हणजे जपानी ॲनिमेशनला, आजचं रूप देण्यात ज्यांचा वाटा फार मोठा, ते ओसामु तेझुका १९२८ साली जन्मले. लहानपणी त्यांना किड्यांचा विलक्षण नाद होता. किडे गोळा करायचे, निरखायचे आणि वहीत त्यांची हुबेहूब चित्रं काढायची. आपल्या नावाच्या लेखनात त्यांनी 'किडा' या अर्थाचं अक्षर जोडून घेतलं, इतका तो नाद खोल होता. पुढे ते ओसाकात वैद्यकीचं शिक्षण घेऊन रीतसर डॉक्टर झाले आणि आयुष्यभर चित्रं काढत राहिले. डिस्नेच्या चित्रपटांचं त्यांना वेड होतं. 'बांबी' तर त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला. त्यांच्या पात्रांच्या मोठ्या, बोलक्या डोळ्यांवर त्या चित्रपटांची छाप आहे.

त्यांचा 'ॲस्ट्रो बॉय' १९५२ मध्ये मासिकात सुरू झाला आणि १ जानेवारी १९६३ पासून टीव्हीवर आला. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा नवा भाग द्यायचा, तोही बेताच्या पैशात. चित्रफितीत सेकंदाला २४ चौकटी असतात. तेवढी वेगवेगळी चित्रं काढणं परवडणारं नव्हतं. म्हणून एकच चित्र दोन-तीन चौकटी धरून ठेवायचं, बोलताना फक्त ओठ हलवायचे, पार्श्वभूमी पुन्हा वापरायची, अशा युक्त्या त्यांच्या स्टुडिओनं वापरल्या. जे चित्र हजारो वेळा, अनेक हातांनी काढायचं, त्यात रेषा मोजक्याच हव्यात. पण त्या मोजक्या रेषांतून पात्र चटकन ओळखू यायला हवं आणि त्याचा राग, भीती, आनंद कळायला हवा. तो भार डोळ्यांनी उचलला. नाक दोन टिंबांवर आलं, ओठ एका रेघेवर.

किड्याचा पाय न् पाय निरखलेल्या माणसाला कोणती रेघ गाळली तरी चालेल, हे ठाऊक होतं. ॲनिमेचं चित्र सोपं दिसतं ते यामुळे. ते नीट पाहून, समजून मग सोपं केलेलं असतं. तुमच्या मुलाला नेमकं हेच अजून माहीत नसतं. त्याला सोपेपणा दिसतो, त्याच्यामागचं पाहणं दिसत नाही. ते दाखवणं हे आमचं शिक्षकांचं काम, आणि थोडंसं तुमचंही.

आता दुसरी तक्रार घेऊ. "मोबाईलवर बघून नुसती कॉपी करतो." करू द्या. आपण पाटीवर अक्षरं गिरवूनच लिहायला शिकलो, तेव्हा आपल्याला कुणी नक्कल करतोस म्हणून टोकलं नाही. बघून काढताना डोळा अंतरं मोजायला शिकतो, हात त्याच्यामागून जायला शिकतो. खाली चित्र ठेवून ट्रेस करण्यालाही सुरुवातीला बंदी नको. फक्त ट्रेस केल्यावर तेच चित्र शेजारी न ट्रेस करता काढायला सांगा. दोन्ही समोर ठेवली की कुठे चुकलं ते मुलाला स्वतःलाच दिसतं, आपल्याला सांगावं लागत नाही.

नवख्या मुलाचं चित्र कसं पाहायचं, तेही सांगते. चेहऱ्याची सुरुवात एका फिकट वर्तुळानं होते. त्यातून उभी रेघ जाते ती चेहऱ्याचा मध्य सांगते, आडवी रेघ डोळ्यांची जागा सांगते. वर्तुळाखाली हनुवटीचं टोक ठरतं आणि गालांच्या रेषा तिथे उतरतात. खऱ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. नवखी मुलं ते हमखास वर, कपाळात नेऊन ठेवतात. ॲनिमेत तर डोळे बहुधा मध्याच्या थोडे खालीच येतात, म्हणून कपाळ मोठं, हनुवटी लहान आणि चेहरा कोवळा वाटतो. मुलं हे सारं सोडून थेट डोळ्यांतल्या चमकेपासून सुरुवात करतात, कारण ती त्यांना सर्वात आवडते. मग दुसरा डोळा कुठे बसवायचा ते कळेनासं होतं.

माझ्या वर्गात सहावीतली एक मुलगी आली तेव्हा तिच्या वहीत पन्नासेक चेहरे होते आणि सगळे डावीकडे वळलेले. प्रत्येकीच्या केसांची एक बट उजव्या डोळ्यावर आलेली, हात कायम पाठीमागे किंवा खिशात. चित्रं सुरेख होती. पण जे जमत नव्हतं ते तिनं फार हुशारीनं झाकलं होतं. नवखी मुलं बहुतेक असंच करतात. मी तिला पान उलटं करून खिडकीच्या उजेडात धरायला सांगितलं. मागच्या बाजूनं पाहिल्यावर तोच चेहरा एका अंगाला कललेला आणि जबडा घसरलेला तिला दिसला. कुणीही न रागावता तिला तिची चूक सापडली. त्यानंतर आम्ही एकाच पात्राचं डोकं तीन बाजूंनी काढायला घेतलं, समोरून, बाजूनं आणि मागून. ॲनिमेच्या स्टुडिओत प्रत्येक पात्राचा असा तक्ता केलेला असतो, म्हणजे वेगवेगळ्या चित्रकारांच्या हातून एकच माणूस उतरतो. तो तक्ता पुरा करताना तिला मान वळल्यावर मधली रेघ सरळ राहत नाही, गोलावरून वाकून जाते, हे उमगलं. एलिमेंटरी परीक्षेच्या वस्तुचित्रात तांब्याची गोलाई काढताना आम्ही हेच शिकवतो. तिला ते तिच्या लाडक्या पात्रानं शिकवलं.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांची काळजी करणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे. स्मरणचित्रात धावणारी, वाकलेली, ओझं उचलणारी माणसं काढावी लागतात आणि भल्याभल्यांची तिथे तारांबळ उडते. ॲनिमे काढणारी मुलं माणसांना घाबरत नाहीत. मोठ्या माणसाची उंची त्याच्या साधारण साडेसात डोक्यांएवढी असते आणि छोट्या 'चिबी' पात्राची दोन-तीनच डोक्यांएवढी, हे त्यांनी हातानं करून पाहिलेलं असतं. परीक्षेसाठी त्यांचं ॲनिमे बंद करू नका. त्याच्या जोडीला घरातली पातेली, चपला आणि झोपलेलं मांजर आणा.

आता घरात काय बोलावं याविषयी. मुलानं चित्र दाखवलं की फोनवरून नजर न उचलता म्हटलेलं "छान" त्याला लगेच कळतं. त्याऐवजी विचारा, "हा कोण? एवढा चिडलाय कशानं? केस कुठून सुरू केलेस?" मुलं भरभरून बोलतात, आणि बोलता बोलता आपल्या चित्राकडे नव्यानं पाहतात. "नाक कुठंय याला?" म्हणून हसू नका. दुसऱ्याच्या मुलीचं चित्र पुढे करू नका. आणि त्याच्या हातातली पेन्सिल घेऊन चित्र सुधारून देऊ नका, मग तुमचा हात कितीही चांगला असो. जुन्या वह्या रद्दीत घालू नका, प्रत्येक पानावर तारीख मात्र टाकायला लावा. सहा महिन्यांनी मूल स्वतःचीच जुनी पानं उघडतं तेव्हा त्याला जो हुरूप येतो, तो आपल्या शाबासकीनं येत नाही.

सामानावर खर्च नको. एचबी आणि टूबी पेन्सिल, बरा खोडरबर, कोऱ्या कागदांचा गठ्ठा, एवढ्यावर वर्ष निघतं. महागडे मार्कर आणि ड्रॉइंग टॅब्लेट हे बक्षीस म्हणून आधी देऊ नका. गरज चित्रातून दिसली की मग बघू.

मूल पडद्यावर काय पाहतं, याकडे मात्र जरूर लक्ष ठेवा. ॲनिमे म्हणजे लहान मुलांचंच, असा आपला समज आहे, तो खरा नाही. जपानमध्ये ते सर्व वयांसाठी बनतं आणि त्यातलं काही आपल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी मुळीच नाही. बंदी घालण्यापेक्षा शेजारी बसून दोन भाग बघा. हायाओ मियाझाकींचा 'माय नेबर तोतोरो' सगळ्या घरानं मिळून बघावा असा आहे.

शेवटची गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. मार्च २०२५ मध्ये फोटो टाकला की क्षणात 'जिबली' या मियाझाकींच्या स्टुडिओच्या धाटणीचं चित्र करून देणाऱ्या एआयची लाट आली. आपल्यापैकी अनेकांनी आपले आणि मुलांचे फोटो तसे करून घेतले. त्यानंतर वर्गात मला मुलांनी विचारलं, "मॅडम, फोन एका मिनिटात करतो, मग आम्ही कशाला काढायचं?" मी त्यांना सांगितलं, फोनला तुझ्या आजीच्या हनुवटीवरचा तीळ आवडत नाही, तुला आवडतो. काढताना तू तिच्याकडे अर्धा तास टक लावून बघतोस, तेवढं तिच्याकडे कुणी बघितलेलं नसतं. यंत्र चित्र देतं, पण हे बघणं आपल्या वतीनं ते करू शकत नाही. आणि हे बघणं ज्याला लागलं, तो पुढे ॲनिमेटर होवो, डॉक्टर होवो की शेती करो, त्याच्या कामाचंच आहे.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. या रविवारी पंधरा मिनिटं मुलासमोर स्वस्थ बसा. फोन बाजूला ठेवा आणि म्हणा, "मला ॲनिमेतल्यासारखं काढ." त्याला तुमच्या भुवया, चष्मा, पिकलेला केस, सगळं पाहावं लागेल आणि त्यातलं काय ठेवायचं, काय गाळायचं हे स्वतः ठरवावं लागेल. आजवर त्यानं दुसऱ्यानं सोपे केलेले चेहरे उतरवले. हा पहिला चेहरा तो स्वतः सोपा करील. तुम्ही जिचा ध्यास घेतला आहे ती 'खरी' चित्रकला इथूनच सुरू होते.