ओली धावपट्टी

सालेकसा परिसरात रोवणीचे दिवस आले, की बांधीच्या धुऱ्यावरून चालणे हे एक कौशल्यच होऊन बसते. उन्हाळ्यात ज्या धुऱ्यावरून तुम्ही धावत जाता, त्याच धुऱ्यावर आषाढात एकेक पाऊल जपून टाकावे लागते. घाईने निघालेला मुलगा थांबू पाहतो. पण पाय थांबत नाही, आणि पुढच्याच क्षणी तो चिखलात बसलेला दिसतो! आपण हसतो, तोही हसतो. परंतु दीडदोनशे माणसांना घेऊन आलेले साठ टनांचे विमान ओल्या धावपट्टीवर उतरते, तेव्हा ही घसरण हसण्यावारी नेता येत नाही.

चाक थांबते ते घर्षणामुळे. टायरखालचे पाणी बाजूला सारले गेले, म्हणजे रबर जमिनीला भिडते आणि ब्रेक लागू पडतो. वेग फार असला, तर मात्र पाण्याला बाजूला होण्यास अवसरच मिळत नाही. मग चाक साचलेल्या पाण्यावर तरंगू लागते. मोठ्या प्रवासी विमानाच्या बाबतीत ताशी सुमारे २३० किलोमीटरांहून अधिक वेगात असे घडू शकते, आणि विमाने उतरतात ती साधारण याच वेगाने. अशा वेळी ब्रेक दाबला, तर चाक थांबेल. विमान थांबणार नाही.

म्हणून पाणी वाहून जावे यासाठी अनेक धावपट्ट्यांवर आडव्या, बारीक खाचा पाडतात. चाके टेकताच पंखांवरील झडपा उभ्या राहतात व विमानाचा सारा भार चाकांवर येतो; इंजिनांचा झोतही पुढे वळवतात. भर पावसात कुशल वैमानिक विमान अलगद न टेकवता जरा जोराने टेकवतो, म्हणजे पाण्याचा थर फुटतो. प्रवासी मात्र त्या हादऱ्याबद्दल बिचाऱ्याला नावे ठेवतात!

१ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईत मुसळधार पाऊस कोसळत होता. जयपूरहून आलेले विमान मुख्य धावपट्टी ओलांडून पुढे चिखलात रुतले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. पण ती धावपट्टी काही दिवस बंद ठेवावी लागली.

केरळातील कोळिकोड येथे दैव इतके उदार नव्हते. तेथील धावपट्टी टेकडीचा माथा सपाट करून बांधलेली आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून १९० जणांना घेऊन आलेले विमान पावसात तेथे उतरले. वारा पाठीमागून होता. वारा समोरून असला, तर तो विमानाला आवरतो. पाठीमागून असला, तर पुढे लोटतो. २,७०० मीटर लांबीची निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर चाके टेकली. विमान टोकावरून खाली कोसळले आणि २१ जणांचे प्राण गेले. न उतरता पुन्हा वर जाण्याची सूचना सहवैमानिकाने दिली होती, असे चौकशीत आढळले.

पाण्याची ही कथा, तर बर्फाची काय असेल? आपल्याकडे श्रीनगरला हिवाळ्यात यंत्रांनी बर्फ दूर सारून धावपट्टी मोकळी करावी लागते. अमेरिकेतील शिकागो येथे ८ डिसेंबर २००५ रोजी हिमवर्षावात उतरलेले विमान कुंपण तोडून रस्त्यावर गेले आणि मोटारीत बसलेला सहा वर्षांचा मुलगा मृत्युमुखी पडला. तेथेही वारा पाठीमागूनच होता. त्यानंतर धावपट्टीला गुण देण्याची पद्धत तयार झाली व नोव्हेंबर २०२१ पासून ती जगभर लागू झाली. कोरड्या धावपट्टीस ६ गुण, ओल्या बर्फाच्या गुळगुळीत थरास ०. शून्य गुण असता विमान उतरवीत नाहीत.

गोंदियाजवळ बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टी आहे. तेथे तरुण-तरुणींना विमानोड्डाणाचे शिक्षण मिळते. उतरण्याच्या बेतात आलेले लहानसे विमान कधी कधी एकाएकी आवाज वाढवून पुन्हा वर चढते. पाहणाऱ्यास वाटते, शिकाऊ वैमानिक घाबरला असावा! वस्तुतः हा त्याच्या शिक्षणातील नेमाचा पाठ असतो. वेग, वारा किंवा उंची मनासारखी नसेल, तर परत वर जायचे. विमान आकाशात एक फेरी घालते आणि पुन्हा धावपट्टीच्या रोखाने येते.