दूरच्या संवेदकाचा निरोप

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावर सायंकाळची आरती सुरू झाली, की नदीपात्रातील नावेतूनही घंटेचे ठोके मोजता येतात. घंटा लहान की मोठी, ती जोराने वाजविली की हळू, हे मात्र अंतर वाढेल तसे उमगेनासे होते. ठोक्यांची संख्या टिकते, नादाचा बारकावा टिकत नाही. प्रारण मोजणारा संवेदक दूरच्या संगणकास जोडताना हेच लक्षात ठेवावे लागते.

कल्पना करावी, की याच घाटाच्या एका पायरीवर गायगर-म्यूलर गणकनळी ठेवली आहे आणि संगणक शंभर मीटर दूर, वरच्या गल्लीतील एका खोलीत आहे. हान्स गायगर व वाल्टर म्यूलर यांनी १९२८ मध्ये सिद्ध केलेल्या या नळीत वायू भरलेला असून मधल्या तारेस काही शे व्होल्ट दाब दिलेला असतो. प्रारणाचा कण आत शिरला, की वायूचे आयनीभवन होते आणि विजेचा एक स्पंद उमटतो. कणाची ऊर्जा किती, हे नळी सांगत नाही. ‘एक आला’ एवढेच सांगते.

हा दुबळा स्पंद थेट केबलवर सोडून चालत नाही. नेहमीच्या समाक्ष केबलची धारिता दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅराड, म्हणजे शंभर मीटरला १०,००० पिकोफॅराड असते. तांब्याभर पाणी हौदात ओतावे तसा नळीतील अल्प विद्युत् भार तीत पसरतो व स्पंदाची उंची नाहीशी होते. म्हणून विवर्धक नळीशेजारीच बसवितात आणि स्पंदाला ठरावीक उंची व रुंदी देऊनच पुढे धाडतात.

दुसरा दोष प्रतिध्वनीचा. केबलमध्ये स्पंदाला दर मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. टोकाशी केबलला साजेसा, बहुधा ५० ओहमचा, रोधक नसेल तर स्पंद मागे फिरतो, नळीकडील टोकावरून पुन्हा उलटतो आणि एक मायक्रोसेकंदाने परत येऊन पोहोचतो. जलद गणित्र मग एकाच कणाची दोनदा नोंद करते. शेजारच्या मोटारी व दिव्यांच्या तारा याही खोटे स्पंद निर्माण करतात. त्यावर उपाय म्हणजे पिळलेल्या दोन तारा. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच होतो आणि ग्राहक यंत्र दोहोंतील फरकच वाचत असल्यामुळे तो वजा होतो.

सर्वांत घातक दोष मात्र मौनाचा आहे. केबल तुटली, तर संगणकाच्या पडद्यावर शून्य दिसते आणि पाहणाऱ्यास ते सुरक्षिततेचे चिन्ह वाटते. वास्तविक पृथ्वीवर कोठेही असे शून्य नसते. घाटाच्या दगडातील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम-४० आणि आकाशातून येणारे विश्वकिरण यांमुळे नळीत दर मिनिटाला काही ठोके पडतातच. तेव्हा काही मिनिटे एकही ठोका न येणे ही बिघाडाचीच वर्दी होय.

मापनाच्या वरच्या टोकालाही असाच धोका असतो. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथे अपघात झाला, तेव्हा हाती असलेल्या मापकांची मर्यादा ताशी ३.६ राँटजेन होती. काटा तेथेच अडकला आणि मापकाची मर्यादा हेच प्रत्यक्ष प्रारण, असा समज झाला. खरे प्रारण त्याहून कितीतरी पटींनी अधिक होते.

भारतात भाभा अणुसंशोधन केंद्राने देशभर प्रारणमापकांचे जाळे उभारले आहे. इतक्या अंतरावर केबल नव्हे, तर मोबाइल दूरध्वनीचे जाळे निरोप पोहोचविते. नियम मात्र तोच राहतो. आलेला आकडा, न आलेला निरोप आणि मर्यादेला टेकलेला काटा या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या ओळखण्यास संगणकाला शिकविले, तरच दूरच्या संवेदकावर विश्वास ठेवता येतो.