‘लास्ट प्राइस?’ : ऑनलाइन घासाघिशीचे गणित

गेल्या ऑगस्टमध्ये मी माझी गिअरची सायकल विकायला काढली. घरून बाबांची जुनी स्कूटर मिळाली होती, त्यामुळे सायकल नुसतीच स्टँडला उभी असायची. पहिल्या वर्षी ९,००० रुपयांना घेतलेली. वापरलेल्या वस्तू विकण्याच्या एका ॲपवर चार फोटो टाकले, किंमत लिहिली ५,५०० आणि रूम पार्टनरला ऐटीत सांगितलं, “तीन हजारांच्या खाली देणार नाही.”

पहिले दोन दिवस नेहमीचे मेसेज आले. ‘लास्ट प्राइस?’, ‘अव्हेलेबल?’, ‘मोबाइलच्या बदल्यात देणार का?’ तिसऱ्या दिवशी एक मेसेज आला : “दादा, ३,२०० ला देता का? मी फर्स्ट इयरला आहे, रूम कॉलेजपासून चार किलोमीटर लांब मिळाली आहे. फोटोत चेन गंजलेली दिसते, ती बदलावी लागेल. आज संध्याकाळी रोख घेऊन येतो.”

माझा तळ तीन हजार, समोरून आले बत्तीसशे. म्हणजे सौदा तिथेच व्हायला हवा होता. पण माझं डोकं फिरलं. साडेपाच हजारांची वस्तू बत्तीसशेला मागतो म्हणजे काय! मी लिहिलं, “भंगारवाल्याकडे जा भावा,” आणि त्याला ब्लॉक केलं.

त्यानंतर तीन हजारांच्या वर एकही प्रस्ताव आला नाही. पावसात सायकल आणखी गंजली. दिवाळीच्या सुट्टीआधी चौकातल्या सायकलवाल्याला १,८०० रुपयांत देऊन टाकली. जानेवारीत मेसमध्ये शेजारी बसलेला एक ज्युनिअर बोलता बोलता म्हणाला, “दादा, ती निळी सायकल तुमचीच होती का?” दुसऱ्या राउंडला त्याला आमच्याच हॉस्टेलला सीट मिळाली होती. तोवर तीन आठवडे तो चालत येत होता, मग दुसरीकडून ३,६०० ची सायकल घेतली. “तुम्ही अडतीसशे म्हणाला असतात तरी घेतली असती,” तो सहज म्हणाला. माझ्या ताटातली पोळी तशीच राहिली.

मित्रांनो, दरवर्षी आपल्या हॉस्टेलमधून कूलर, ड्राफ्टर, लॅपटॉप, सायकली अशा कितीतरी वस्तू विकल्या जातात. घासाघीस आपल्याला नवी नाही, तुळशीबागेत आईचा हात धरून आपण ती शिकलेलो आहोत. पण स्क्रीनवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही. दिसतो फक्त एक आकडा आणि सोबत दोन ओळी. या दोन गोष्टी विक्रेत्याने कशा वाचायच्या, यावर गंभीर अभ्यास झाला आहे. सायकल गेल्यावर मी तो शोधून वाचला. त्याचं सार इथे देतो.

अडीच कोटी जाहिराती काय सांगतात?

ईबे ही अमेरिकेतील ऑनलाइन बाजारपेठ १९९५ मध्ये सुरू झाली. याच कंपनीने २००४ मध्ये मुंबईची बाझी डॉट कॉम विकत घेतली होती, पुढे त्यांचे भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. ईबेवर लिलावाखेरीज ‘बेस्ट ऑफर’ नावाची सोय आहे. विक्रेता किंमत लिहितो, गिऱ्हाईक त्याहून कमी आकडा देऊ शकते. विक्रेत्यापुढे तीन मार्ग असतात : स्वीकारा, नाकारा किंवा उलट प्रस्ताव द्या. शिवाय ‘अमुक रकमेच्या वर आपोआप स्वीकार, तमुक रकमेच्या खाली आपोआप नकार’ अशा मर्यादाही आधीच लावून ठेवता येतात.

मॅथ्यू बॅकस, थॉमस ब्लेक, ब्रॅड लार्सन आणि स्टीव्हन टॅडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी अशा अडीच कोटींहून अधिक जाहिरातींवरची बोलणी तपासली. २०२० मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. अभ्यासाच्या काळात उत्तर द्यायला ४८ तास मिळत आणि एका गिऱ्हाइकाला तीनच प्रस्ताव देता येत. त्यांना दिसलं ते असं :

१) साधारण एक तृतीयांश बोलणी लगेच सौद्यात संपतात. बाकीची एकतर लांबतात किंवा फिसकटतात.

२) एकाने पाऊल मागे घेतलं की दुसराही घेतो. मी थोडा सरकलो, आता तू सरक, हा अलिखित नियम अनोळखी माणसेही पाळतात.

३) शेवटच्या दोन आकड्यांच्या बरोबर मध्यावरचा प्रस्ताव लोकांना विशेष पटतो. ‘ना तुझं ना माझं’ ही आपली पद्धत जगभर चालते म्हणायची!

तिसरा मुद्दा विक्रेत्याने नीट लक्षात घ्यावा. माझी किंमत ५,५०० आणि त्याचा प्रस्ताव ३,२००, यांचा मध्य ४,३५०. मी आधीच ४,५०० लिहिले असते तर मध्य ३,८५० आला असता. म्हणजे सुरुवातीचा आकडा फुगवला की मध्यही वर सरकतो. मग फुगवायला काय हरकत आहे? हरकत अशी की फार फुगवलं तर खरं गिऱ्हाईक प्रस्तावच देत नाही, ते पुढच्या जाहिरातीकडे जातं. याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात आढळलं की १०० च्या पटीतल्या गोल किमती लावणाऱ्यांना प्रस्ताव थोडे कमी रकमेचे येतात, पण लवकर येतात आणि वस्तू विकली जाण्याची शक्यताही जास्त असते. गोल आकडा म्हणजे ‘मला विकायची घाई आहे’ असा न बोललेला निरोपच.

थोडे गणित (घाबरू नका)

१९८३ मध्ये कल्याण चॅटर्जी आणि विल्यम सॅम्युएल्सन यांनी एक साधा खेळ मांडला. विक्रेता आणि गिऱ्हाईक दोघेही एकेक आकडा चिठ्ठीवर लिहितात. गिऱ्हाइकाचा आकडा विक्रेत्याच्या आकड्याइतका किंवा जास्त असेल तर मधल्या किमतीला सौदा, नाहीतर दोघेही रिकाम्या हाताने घरी. समोरच्याची खरी मर्यादा कुणालाच ठाऊक नाही. ती ० ते ६,००० मध्ये कुठेही, सारख्याच संभाव्यतेने असू शकते असं धरू.

या खेळात दोघेही आपापल्या फायद्याचं पाहून खरी मर्यादा लपवतात. समतोलाचं एक उत्तर असं येतं :

विक्रेत्याची चिठ्ठी = खऱ्या तळाचे २/३ + १,५००
गिऱ्हाइकाची चिठ्ठी = खऱ्या कमाल रकमेचे २/३ + ५००

आता माझी सायकल घाला. माझा तळ ३,०००, तर चिठ्ठीवर ३,५००. त्याची कमाल ३,८००, तर चिठ्ठीवर सुमारे ३,०३३. सौदा नाही! खरं तर मला तीन हजार चालणार होते आणि तो अडतीसशे द्यायला तयार होता. मध्ये ८०० रुपयांची मोकळी जागा असूनही दोघे रिकामे. सूत्र सोडवून पाहा : दोघांच्या मर्यादेत किमान १,५०० चं अंतर असेल तरच या खेळात सौदा होतो. त्याच वर्षी रॉजर मायरसन आणि मार्क सॅटरथवेट यांनी याहून कडू गोष्ट सिद्ध केली. अशा परिस्थितीत दोघांच्याही फायद्याचा प्रत्येक सौदा हमखास घडवून आणील आणि बाहेरून पैसेही ओतावे लागणार नाहीत, अशी कुठलीच पद्धत नाही. तेव्हा काही चांगले सौदे फिसकटणारच, हा निसर्गनियम समजा.

पण माझी खरी चूक वेगळीच होती. तीन हजारांचा तळ मी कुठून आणला? ‘नऊ हजारांना घेतली, निदान तिसरा हिस्सा तरी यावा’ या भावनेतून. नऊ हजार तर तीन वर्षांपूर्वीच खर्च झाले होते. खरा तळ म्हणजे हा सौदा मोडला तर हातात काय उरतं ते. सायकलवाला देणार होता १,८००. तोच तळ धरला तर चिठ्ठीवर येतात २,७००, त्याचे ३,०३३, आणि सौदा साधारण २,८६७ ला पक्का. जाहिरात टाकण्याआधी चौकात जाऊन एकदा भाव विचारला असता तर एवढं रामायण झालं नसतं.

आकड्यासोबतच्या दोन ओळी

२३ मे २०१६ रोजी ईबेच्या जर्मन संकेतस्थळावर, संगणकावरून वापरणाऱ्यांना, प्रस्तावासोबत मोकळा निरोप लिहिण्याची सोय मिळाली. त्याआधी तिथे नुसता आकडा जायचा. बॅकस, ब्लेक, टॅडेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचा व नंतरचा काळ ताडून पाहिला. ज्यांनी ही सोय वापरली त्यांच्यात बोलणी फिसकटण्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. गंमत म्हणजे लोक सोय लगेच वापरू लागले, पण परिणाम हळूहळू वाढला. काय लिहायचं हे नेहमीचे लोक अनुभवाने शिकत गेले.

म्हणून विक्रेत्याने निरोप वाचताना एकच प्रश्न विचारावा : या ओळीतून मला नवीन, तपासता येण्याजोगं काही कळतं का? ‘चेन गंजलेली दिसते’ हे कळतं. जाहिरातीत मी ते लपवलं होतं, त्याने पकडलं. ‘आज संध्याकाळी रोख’ हेही कळतं, कारण माणूस खरंच येतो की नाही हे संध्याकाळी दिसणारच. उलट ‘खूप गरज आहे प्लीज’ यातून काहीच कळत नाही. ते खोटं असेलच असं नाही, पण त्यावर भाव ठरवता येत नाही.

उत्तर कसे द्यावे?

जाहिरात टाकण्यापूर्वी वहीत तीन आकडे लिहा : मागायची किंमत, अपेक्षित किंमत आणि खरा तळ. मग पुढीलप्रमाणे :

‘लास्ट प्राइस?’ आलं तर तळ सांगू नका. “तुमचा आकडा सांगा, आजच बघायला येत असाल तर विचार करू,” एवढं पुरे. खरं गिऱ्हाईक आकडा देतं, बाकीचे गप्प होतात.

तळाच्या वर पण अपेक्षेच्या खाली आलं तर उलट प्रस्ताव द्या आणि कारण जोडा : “चेनचे बरोबर आहे, त्याचे ३०० कमी करतो. ३,८०० ला आज घेऊन जा.” तो पुन्हा सरकला तर तुम्हीही सरका.

तळाच्या खूप खाली आलं तरी चिडू नका. “एवढ्यात जमणार नाही, वाढवता आले तर कळवा.” दार उघडं राहतं. कमी आकडा हा अपमान नसतो. समोरच्याच्या खिशाची, किंवा आपल्या फुगवलेल्या किमतीची, ती खबर असते.

एक धोका मात्र ओळखा. जो काही न विचारता, वस्तू न बघता पूर्ण किंमत मान्य करतो, ‘माझी बदली झाली आहे, माणूस पाठवतो’ म्हणतो आणि पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड पाठवतो, तो गिऱ्हाईक नव्हे. यूपीआयवर पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. फसलात तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

जाता जाता : यंदा माझं शेवटचं वर्ष. कूलर विकायचा आहे. मोटर ठीक आहे, मागची जाळी एका बाजूने तुटली आहे. किंमत २,००० रुपये. कमीत मागायचा असेल तर जरूर मागा, फक्त आकड्यासोबत दोन ओळी लिहा. या वेळी उत्तर नक्की येईल.