टोपलीतली सगळी मासळी म्हणजे मासे नव्हेत



आपले माहुल गाव खाडीच्या काठी आहे. टोपली भरून आली की आपण म्हणतो, "आज मासळी बरी मिळाली." पण त्या टोपलीतले सगळे मासे नसतात. ते कसे, हे मी सांगते.

प्राणी कोणाला म्हणायचे?
पुष्कळ मुले म्हणतात, जो चालतो तो प्राणी. पण होडीसुद्धा चालते, ती काही प्राणी नाही. आणि कालव पाहा. पिल्लू असताना ते पाण्यात पोहते. मग एकदा खडकाला चिकटले की जन्मभर जागा सोडत नाही. तरी ते प्राणीच आहे. झाड उन्हात आपले अन्न आपण तयार करते. प्राण्याला ते जमत नाही. त्याला झाडपाला नाहीतर दुसरा जीव खावा लागतो. कालव खाडीचे पाणी आत घेते आणि त्यातले बारीक कण गाळून खाते. प्राण्याचे शरीर पुष्कळ पेशींचे बनलेले असते.

प्राण्यांचे गट
पहिला प्रश्न विचारायचा, पाठीला कणा आहे का?

कणा असलेल्या प्राण्यांचे मुख्य गट पाच: मासे, बेडूक वगैरे उभयचर, सरपटणारे, पक्षी आणि सस्तन. बोंबील, पापलेट, मुशी हे मासे. त्यांना कणा, कल्ले व पर असतात. मुशीचा कणा हाडाचा नसून कूर्चेचा असतो. आपल्या कानाचा वरचा भाग असतो ना, तसा मऊ.

कणा नसलेले प्राणी फार जास्त आहेत. जगातल्या शंभर जातींपैकी नव्वदहून अधिक जाती अशाच आहेत. कोळंबी आणि चिंबोरी यांना वरून कवच, पाय सांध्यांचे. हे संधिपाद. मुंगी आणि कोळीसुद्धा त्यांचेच भाऊबंद! तिसऱ्या, कालवं आणि माकूल यांचे अंग मऊ. हे मृदुकाय. माकुळाला बाहेरून शिंपला नसतो, तरी गट तोच.

फसवे प्राणी
निवटी ओहोटीला चिखलावर उड्या मारते, म्हणून ती बेडूक वाटते. पण तिला कल्ले आणि पर आहेत. ती मासाच. ओल्या कातडीतूनही ती श्वास घेते. वटवाघूळ उडते, पण पिल्लांना दूध पाजते, म्हणून सस्तन. देवमासा नावाने मासा, पण तोही सस्तन. स्वीडन देशाच्या लिनियस या शास्त्रज्ञाने 1758 साली त्याला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत घातले. हिवाळ्यात आपल्या खाडीवर रोहित येतात. त्यांना पिसे आहेत, म्हणून ते पक्षी. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो. लहान पिल्ले करडी असतात.

म्हणून कुठे राहतो, कसा दिसतो यावर जाऊ नये. शरीर पाहावे.

एक महत्त्वाची गोष्ट
खाडीत प्लॅस्टिक आणि घाण आली तर रोहित उडून दुसरीकडे जाईल. बोंबील पोहून जाईल. पण कालव कुठे जाणार? ते खडकाला चिकटलेले, आणि तेच पाणी गाळून खाणार. मग तेच आपल्या ताटात येणार. ज्याला पळता येत नाही तोसुद्धा प्राणी आहे, हे आपण विसरू नये. खाडीत कचरा टाकू नये.

आज घरी टोपली आली की मोजा, खरे मासे किती?

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी