लाखो ओळींची सीएसव्ही साफ करायची आहे? पैसे कुठे लागतात, कुठे लागत नाहीत

पतसंस्थेची सभासद-यादी, बँकेकडून आलेले व्यवहार, बाजारभावांची अनेक वर्षांची आकडेवारी किंवा बिलिंग सॉफ्टवेअरमधून काढलेली विक्री. फाइल साध्या मजकुराची आहे, रकाने स्वल्पविराम, टॅब किंवा उभ्या रेघेने वेगळे केलेले आहेत आणि ओळी लाखांत आहेत. ती साफ करायच्या सॉफ्टवेअरला एक रुपयाही लागत नाही. पैसे जातात ते घाईत खराब झालेला डेटा पुन्हा मिळवण्यात, गरज नसलेल्या लॅपटॉपवर आणि दर महिन्याला तेच काम नव्याने करून घेण्यात.

पहिली गोष्ट: फाइलवर डबल-क्लिक करू नका. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. तुमच्या फाइलमध्ये ४० लाख ओळी असतील, तर २९,५१,४२४ ओळी आत येणारच नाहीत. सूचना येते, पण ती बंद करून त्याच नावाने 'सेव्ह' केलेत की त्या ओळी कायमच्या गेल्या. लिबरऑफिस कॅल्क फुकट आहे, पण त्याची नेहमीची मर्यादाही एवढीच. जुन्या एक्सएलएस फाइलची तर ६५,५३६. याच जुन्या मर्यादेमुळे २०२०च्या शरदात इंग्लंडमध्ये १५,८४१ कोरोनाबाधितांची नोंद वेळेवर आकडेवारीत आली नाही आणि त्यांच्या संपर्कातल्यांचा शोध लांबला.

ओळी कमी झाल्या तर मोजून तरी कळते. बदललेले आकडे कळत नाहीत, म्हणून ते जास्त धोक्याचे. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपते, त्यामुळे सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळतात. बारा अंकी आधार क्रमांक घातांकाच्या रूपात आखडून दिसतो आणि सीएसव्ही पुन्हा सेव्ह केली की तसाच आखडलेला लिहिला जातो. शेवटचे अंक मग कोणी परत आणू शकत नाही. तारखांचे तसेच. संगणकावर तारखेची मांडणी अमेरिकन असेल तर ३ एप्रिलचा ४ मार्च होतो, आणि दिवस बारापेक्षा मोठा असला की ती तारीख नुसता मजकूर म्हणून पडून राहते.

एक्सेलच वापरायचे असेल तर रिकामी शीट उघडा, 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा, एन्कोडिंग '६५००१ युनिकोड यूटीएफ-८' ठेवा आणि प्रकार ओळखण्याच्या पर्यायात 'ओळखू नका' निवडा. सगळे रकाने मजकूर म्हणून येतील आणि मराठी अक्षरांचा चुराडा होणार नाही. काम एकदाच करायचे आहे आणि ओळी दहा लाखांच्या आत आहेत? मग इथेच थांबा. ही आयात करणारी पॉवर क्वेरी एक्सेलमध्येच येते, तुम्ही केलेल्या पायऱ्या लक्षात ठेवते आणि बहुतेकांना पुरते.

स्क्रिप्ट कधी आणि कशाने

फाइल दर महिन्याला येत असेल किंवा दहा लाखांच्या वर असेल, तर स्क्रिप्टच हवी. ती लिहायची पायथन ही भाषा फुकट आहे, अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. अॅनाकोंडा हा पायथनचा तयार संच अनेक शिकवण्यांत सुचवतात, पण दोनशेहून अधिक माणसे असलेल्या कंपनीला त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. मोठ्या कंपनीत असाल तर 'फुकट आहे' म्हणून परस्पर टाकू नका. डकडीबी, एसक्यूलाइट, मिलर आणि ओपनरिफाइन या डेटा हाताळायच्या साधनांनाही काही पैसे पडत नाहीत. विंडोजवर लिनक्सचे आदेश हवे असतील तर डब्ल्यूएसएल मायक्रोसॉफ्टच फुकट देते.

आता रॅम. पायथनमधल्या पांडाज या लायब्ररीचे जनक वेस मॅकिनी यांचाच ठोकताळा आहे की डेटाच्या पाच ते दहा पट रॅम हाताशी असावी. म्हणजे दीड जीबीच्या फाइलला साडेसात ते पंधरा जीबी. आठ जीबीचा लॅपटॉप अडकतो आणि दुकानदार नवा सुचवतो. घेऊ नका. फाइल लाख-लाख ओळींच्या तुकड्यांत वाचा, किंवा पायथनच्या मूळ सीएसव्ही मॉड्यूलने एकेक ओळ वाचून लिहीत जा. मग फाइल दोन जीबीची असो की वीस, रॅम जवळपास तेवढीच लागते. अडचण फक्त क्रम लावताना आणि दुबार नोंदी शोधताना येते, कारण तिथे पूर्ण फाइल पाहावी लागते. लिनक्सचा सॉर्ट आदेश आणि डकडीबी अशा वेळी डिस्कवर तात्पुरत्या फाइली करतात. फाइलच्या दोन-तीन पट जागा रिकामी ठेवा.

वेळेचा अंदाज सोपा आहे. जुनी फिरती हार्डडिस्क सेकंदाला साधारण १५० एमबी वाचते, म्हणजे दहा जीबीची फाइल नुसती वाचायलाच मिनिटभराहून जास्त. साधी एसएसडी तेच वीस-पंचवीस सेकंदांत करते. स्क्रिप्ट त्याच्या काही पट वेळ घेईल. खर्च करायचाच असेल तर आधी एसएसडीवर करा.

एक लोकप्रिय शॉर्टकट टाळा. स्वल्पविराम दिसला की ओळ तोडायची, असे ऑक या लिनक्स आदेशाचे एका ओळीचे नुस्खे सर्रास दिले जातात. पण पत्त्याच्या रकान्यात 'शनिवार पेठ, पुणे' असते, तिथे एका रकान्याचे दोन होतात आणि पुढचे सगळे एक घर सरकतात. दुहेरी अवतरणातला स्वल्पविराम हा डेटाचाच भाग मानायचा, हे २००५च्या आरएफसी ४१८० या टिपणात लिहिलेले आहे. अवतरणाच्या आत नवी ओळही असू शकते, म्हणून ओळी मोजणे म्हणजे नोंदी मोजणे नव्हे. सीएसव्ही समजणारे साधनच वापरा. जीएनयू ऑकच्या ५.३ आवृत्तीपासून त्यासाठी वेगळा पर्याय आहे.

मराठी डेटाला जास्त वेळ ठेवा

आधी बघा, मजकूर युनिकोडमध्ये आहे का. श्रीलिपी, कृतीदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी आधी युनिकोडमध्ये बदलावी लागते आणि नंतर डोळ्यांनी तपासावी लागते. बाहेर काम देताना हे सांगायचे राहिले, तर दर हमखास वाढतो.

युनिकोडमध्येही सापळे आहेत. 'कऱ्हाड'मधला अर्धा र दोन-तीन प्रकारे साठवता येतो. पडद्यावर सगळे सारखे दिसतात, संगणकाला ती वेगळी गावे वाटतात आणि तालुकावार बेरीज फुटते. एनएफसी नावाचे प्रमाणीकरण यातले काही प्रकार एक करते, पण न दिसणारा जोडचिन्ह-वर्ण असलेला प्रकार स्क्रिप्टमध्ये वेगळा बदलावा लागतो. देवनागरी आणि इंग्रजी अंकांची सरमिसळ, नावापुढची न दिसणारी जागा आणि विंडोज फाइलीतल्या ओळीच्या टोकाचे अदृश्य चिन्ह यांचीही तीच गत. जिल्ह्यांच्या जुन्या-नव्या नावांसाठी दोन रकान्यांची छोटी फाइल करा: उस्मानाबाद–धाराशिव, औरंगाबाद–छत्रपती संभाजीनगर, अहमदनगर–अहिल्यानगर. स्क्रिप्टने ती वाचून नावे बदलावीत. नवे रूप सापडले की यादीत एक ओळ वाढवायची, स्क्रिप्टला हात लावायचा नाही.

बाहेर काम देणार असाल तर

दर ओळींवर ठरवू नका. पाच लाख ओळी असोत की पन्नास लाख, स्क्रिप्ट लिहायचे कष्ट जवळपास तेवढेच. दर ठरावा तो रकाने किती, नियम किती आणि फाइल किती अस्वच्छ यांवर. नोंदणीकृत व्यावसायिक १८ टक्के जीएसटी लावेल, म्हणून कोटेशन 'करासहित' मागा. ज्याच्याकडे जीएसटी क्रमांक नाही, त्याला जीएसटी आकारता येत नाही.

देताना तीन कागद तयार ठेवा: हजार ओळींचा नमुना (नावे आणि क्रमांक बदलून), प्रत्येक रकान्यात काय असावे याची यादी, आणि डेटा गुप्त ठेवून काम संपल्यावर पुसला जाईल असा लेखी करार. करार औपचारिकता समजू नका. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या कसुरीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि जबाबदारी डेटा ज्याच्याकडचा त्याची, म्हणजे तुमची. याच कारणासाठी सभासदांची खरी यादी कोणत्याही 'मोफत ऑनलाइन कन्व्हर्टर'वर चढवू नका. एआयकडून स्क्रिप्ट लिहून घेत असाल, तर त्याला रकान्यांची नावे आणि चार-पाच बनावट ओळी पुरतात.

क्लाउडवर काम होणार असेल तर बिल कोणाच्या खात्यावर, ते आधी ठरवा. डेटा आत टाकायला सहसा पैसे नसतात, ठरावीक मर्यादेपलीकडे बाहेर काढायला असतात. यंत्र थांबवले तरी त्याला जोडलेल्या डिस्कचे भाडे चालूच राहते, ती काढूनच टाकावी लागते.

काम परत घेताना ताळा बघा. मूळ नोंदी बरोबर स्वच्छ नोंदी अधिक बाजूला काढलेल्या नोंदी, हे जुळलेच पाहिजे. रकमेच्या रकान्याची आधीची आणि नंतरची बेरीज मागा. फरक असेल तर तो बाजूला काढलेल्या नोंदींत सापडला पाहिजे. वगळलेल्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये, कारणासह हव्यात. मूळ फाइलची एक प्रत फक्त-वाचण्याजोगी करून तुमच्याकडेच ठेवा.

आणि नुसती स्वच्छ फाइल घेऊन परतू नका. स्क्रिप्ट मागा, तुमच्या संगणकावर, तुमच्यासमोर, ती एकदा चालवून दाखवायला सांगा. तसे कोटेशनमध्येच लिहून घ्या आणि ते होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.