उत्सवाची मांडणी व कथेचा धागा

स्नेहसंमेलन जवळ आलें कीं प्रत्येक शाळेंत एक समिति नेमली जाते, व ती समिति पहिल्याच बैठकींत एक यादी करिते. स्वागतगीत, अहवाल, नाच, नकला, बक्षीससमारंभ, नाट्यप्रवेश. यादी वाढत जाते, कारण कोणासही नाहीं म्हणवत नाहीं. गेल्या खेपेस आम्हींही असेंच केलें. अठरा कार्यक्रम झाले, साडेचार तास गेले, आणि शेवटचा नाट्यप्रवेश सुरू झाला तेव्हां मंडपांत बहुतेक खुर्च्याच उरल्या होत्या. त्या प्रवेशांतील मुलांनीं सहा आठवडे तालीम केली होती. पडदा पडल्यावर त्यांतील एकानें आम्हांस विचारिलें, "सर, लोकांना आवडलें नाहीं का?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. लोकांनीं तें पाहिलेंच नव्हतें.

दोष मुलांचा नव्हता, आणि घरीं गेलेल्या पालकांचाही नव्हता. आम्हीं कार्यक्रम मांडिले, पण त्यांस ओवणारी गोष्ट मांडिली नाहीं. म्हणून यंदा समितीची बैठक भरविण्यापूर्वीं, गिरगांवापासून लालबागेपर्यंत आपल्या आसपासचे लोक ही विद्या कशी चालवितात, याचा थोडा अभ्यास आम्हीं केला. तोच येथें विद्यार्थिमित्रांपुढें ठेवितों.

प्रथम कीर्तन. बुवा नमन करून एक अभंग घेतात व त्याचें निरूपण करितात, हा पूर्वरंग. मग बुवांस हार घालितात, श्रोत्यांस बुक्का लावितात, आणि त्यानंतर उत्तररंगांत आख्यान सुरू होतें. जड विषय श्रोता ताजा असतां, आणि गोष्ट रात्र चढल्यावर! उठण्याबसण्याची व खोकण्याखांकरण्याची वेळ मधोमध, आणि तीही विधीच्या रूपानें. तेवढ्यांत कोणी उठून जात नाहीं, कारण आख्यान अजून यावयाचें आहे हें त्यास ठाऊक असतें. आमच्या संमेलनांत बक्षीससमारंभ शेवटच्या प्रवेशाच्या अगदीं आधीं होता. बक्षिसें मिळालीं आणि पालक मुलांचे हात धरून चालते झाले. त्यांनीं थांबावें असें आम्हीं मागें ठेविलें तरी काय होतें?

दुसरा धडा विष्णुदास भाव्यांचा. १८४३ सालीं सांगलीस त्यांनीं 'सीतास्वयंवर' केलें, व १८५३ सालीं त्यांची मंडळी मुंबईस येऊन ग्रँट रोडच्या नाटकगृहांतही खेळली. त्या खेळांत पद्यें सूत्रधार म्हणे आणि पात्रें आपलीं भाषणें बहुधा आयत्या वेळीं करीत. पात्र अडखळलें तरी कथा अडखळत नसे, कारण ती सूत्रधाराच्या कंठांत होती. आमच्याकडेही एक निवेदक होता, पण त्याच्या तोंडीं "यानंतर सादर होत आहे" हें एकच वाक्य अठरा वेळां होतें. त्याला आम्हीं सूत्र दिलेंच नव्हतें, मग त्यानें धरावें काय?

परंतु खरी शाळा लालबाग-परळच्या गणेशोत्सवांत आहे. कीर्तनाचा व नाटकाचा प्रेक्षक बसलेला असतो. येथील प्रेक्षक चालत असतो, कडेवर मूल असतें, आणि मागून रांग रेटीत असते. सार्वजनिक उत्सव गिरगांवांत केशवजी नाईक चाळींत १८९३ सालीं सुरू झाला. लालबागेंत गणेश गल्लीचा उत्सव १९२८ पासूनचा, व बाजारांतला १९३४ पासूनचा. या बाजाराची हकीकत अशी सांगतात कीं, पेरू चाळीजवळचा बाजार १९३२ सालीं बंद झाला, कोळी व व्यापारी उघड्यावर बसूं लागले, आणि त्यांनीं कायम जागेसाठीं नवस बोलला. जागा मिळाली, व १९३४ सालीं जी मूर्ति बसविली ती कोळ्याच्या वेषांत होती. उत्सव कोणी केला व कां केला, हें त्या एका वेषानें सांगून टाकिलें. फलकाची गरज राहिली नाहीं. आम्हांस मांडणीचें याहून चांगलें उदाहरण आढळलें नाहीं.

हलत्या देखाव्याची युक्तीही पाहण्यासारखी असते. मंडपांत एका वेळीं कांहीं माणसेंच सोडितात. अंधार होतो. ध्वनिमुद्रित निवेदन सुरू होतें, आणि जें दृश्य चाललें असेल तेवढ्यावरच उजेड पडतो. पुतळा मोटारीच्या जोरावर मान वळवितो, हात उचलितो. मग तो उजेड मावळून शेजारच्या दृश्यावर येतो, आणि शंभर डोळे आपोआप तिकडे वळतात. हात धरून कोणास वळवावें लागत नाहीं. पांचदहा मिनिटांत गोष्ट पुरी झाली पाहिजे, म्हणून निवेदन लिहिणारास प्रस्तावनेची चैन परवडत नाहीं. कोण, कोठें व संकट काय, हें पहिल्या दोनतीन वाक्यांतच यावें लागतें. शेवटचा उजेड गणपतीवर पडतो व त्याच्याच बाजूस बाहेरची वाट असते. गोष्ट संपते तेथेंच दार! (अलीकडे कांहीं मंडपांत जाहिरातीचा फलक देखाव्याहून मोठा असतो, व प्रथम उजेड त्यावरच पडतो. त्याविषयीं न बोललेलें बरें.)

हें कौशल्य आलें कोठून? गिरणगांवांतील एकेका खोलींत एकाच गांवचे बरेच गडी राहत. त्यांनीं कोंकणांतून आपला दशावतार व नमन बरोबर आणिलें आणि पाळी संपल्यावर चाळीच्या चौकांत तें केलें. परळचें दामोदर नाट्यगृह १९२२ सालीं उभें राहिलें आणि कामगारांच्या नाटकांचें माहेरघर झालें. २०२३ सालीं तें पुनर्बांधणीसाठीं बंद झालें. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले; पुढें गिरण्या एकामागून एक मिटल्या व कित्येक कुटुंबें दूर उपनगरांत गेलीं. गणपतीला मात्र तीं परत येतात. आमच्या वर्गांतील किती मुलांचे आजोबा गिरणींत होते असें विचारितांच अकरा हात वर आले, आणि यंदाच्या संमेलनाची गोष्ट आम्हांस तेथेंच सांपडली.

गोष्ट साधी होती: एका साचेवाल्याचा एक दिवस. पहाटेच्या भोंग्यास भूपाळी, बाजारांत कोळीनाच, दुपारच्या सुटींत नकला, सायंकाळीं आखाड्यांतील लेझीम. पण पूर्वरंगांतच सूत्रधारानें एक गांठ मारून ठेविली. रात्रीं चौकांत दशावतार आहे, आमच्या साचेवाल्यास त्यांत संकासुराची भूमिका आहे, आणि जॉबरनें त्यास नेमकी रात्रपाळी लाविली आहे. रजा मिळेल काय? बक्षीससमारंभ आम्हीं मधोमध घेतला व त्यास पगाराचा दिवस केलें. खिडकींतून नांवें पुकारलीं गेलीं, आणि पुढें येणाऱ्या मुलांनीं वाकून बक्षिसें घेतलीं. अहवाल मुख्याध्यापकांनीं आरंभींच पांच मिनिटांत वाचला, याबद्दल त्यांचे आभार मानिले पाहिजेत. अठराचे कार्यक्रम दहा झाले. ज्यांचे गाळले गेले ते कांहीं दिवस आमच्याशीं बोलत नव्हते. त्यांचा राग आम्हांस अन्यायाचा वाटला नाहीं, म्हणून त्यांस आम्हीं पडद्यामागचीं व प्रवेशद्वाराचीं कामें दिलीं.

शेवट सर्वांस माहीत असला तर लोक थांबतील काय, ही शंका समितींत निघाली. आम्हीं विसर्जनाकडे बोट दाखविलें. अनंतचतुर्दशीस सकाळीं लालबागेहून निघालेली मिरवणूक दुसऱ्या दिवशीं उजाडतां गिरगांव चौपाटीस पोंचते. मूर्ति पाण्यांत जाणार हें लहान मुलासही ठाऊक असतें, आणि तरीही रात्रभर रस्ते भरलेले असतात. नाताळांत आमच्या शाळेंत गव्हाणीचा प्रवेश होतो, त्याचाही शेवट सर्वांस पाठ आहे. ठाऊक असलेला शेवट पुन्हां डोळ्यांनीं पाहावा, ही ओढ कांहीं निराळीच आहे.

संमेलनाच्या दिवशीं भोंग्याचें ध्वनिमुद्रण ऐनवेळीं बंद पडलें. इयत्ता आठवींतील एका मुलानें पडद्यामागून तोंडानें भोंगा काढिला, आणि तो इतका लांबला कीं मागल्या रांगेंतील एक वृद्ध गृहस्थ सवयीनें उठून उभे राहिले. साचेवाल्याची रात्रपाळी त्याच्या मित्रानें घेतली व संकासूर रंगभूमीवर आला, तेव्हां नऊ वाजून दहा मिनिटें झालीं होतीं. आम्हीं मागें जाऊन खुर्च्या मोजिल्या. सात रिकाम्या होत्या.